आत्या, तुम्ही बसा!

*घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'सुखात' ठेवायचं म्हणजे त्याला बसवून ठेवायचं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. त्या समजुतीची किंमत माझ्या सासूबाईंनी मोजली. आणि खरं सांगायचं तर माझ्या आईनंही!*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आमच्या घरी आल्या की एक वाक्य ठरलेलं. "आत्यांचं नशीब बाई! बसल्या जागी चहा, बसल्या जागी जेवण. अशी सून मिळायला पुण्य लागतं." मी आपली वरवर "छे हो, काहीतरीच काय" म्हणायचे आणि आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू!

आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत. मामंजी गेले आणि नऊ वर्षांपूर्वी आत्या गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे कराडला राहायला आल्या. तेव्हा त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. गावाकडे दोन म्हशी, परसातली भाजी, सुगीला पंधरा माणसांचा स्वयंपाक, असा त्यांचा जन्म गेलेला. मी मनाशी ठरवलं, या बाईनं आयुष्यभर कष्ट उपसलेत, आता हिला काडी उचलू द्यायची नाही. त्या भाजी निवडायला घेऊ लागल्या की मी म्हणायचे, "आत्या, तुम्ही बसा." अंगणात झाडू घेतला की, "आत्या, तुम्ही बसा, मावशी येतील आता." दळण आणायला निघाल्या की, "आत्या, उन्हाचं कशाला? तुम्ही बसा."

आणि त्या बसल्या. नऊ वर्षं बसल्या.

मी पतसंस्थेत नोकरीला. साडेनऊला बाहेर पडते ती सहाला घरात. हे दुकानात, लेक शिकायला पुण्यात. म्हणजे लोकांच्या लेखी 'भरल्या घरात' असलेल्या आत्या दिवसाचे आठ तास भिंतींशी बोलत होत्या. सोबतीला टीव्ही.

याउलट माझी आई. वय शहात्तर, पाटणच्या अलीकडे एका वाडीत एकटी राहते. भाऊ मुंबईला, मी इथं. आई काही घर सोडायला तयार नाही. दोन शेळ्या, चार कोंबड्या, वाफाभर भुईमूग. तिच्याबद्दल मात्र सगळे हळहळतात. "लेकरं असून एकटी पडली बिचारी!" मलाही ते लागायचं. दर दिवाळीला मी म्हणायची, "आई, चल माझ्याकडे," आणि ती म्हणायची, "बघू गं, शेळी व्याली की."

एक सुखात, एक हालात. माझ्या डोक्यात हा हिशेब पक्का बसलेला होता. तो चुकला कसा, तेच आज सांगायचं आहे.

रात्री दोनचा आवाज

गेल्या वर्षी थंडीत एका रात्री दोन वाजता धप्प आवाज आला. धावत गेले तर आत्या न्हाणीघराच्या दारात पडलेल्या. उजवा हात अंगाखाली. लुगडं ओलं झालेलं. मला बघून त्या आधी काय म्हणाल्या असतील? "दिवा लावू नको गं." हात मोडलाय, कळ सोसवत नाही, आणि या बाईला काळजी कशाची, तर ओलं लुगडं मुलाला दिसेल याची!

मनगट मोडलं होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "खुब्याचं हाड वाचलं, नशीब समजा." म्हातारपणी खुबा मोडला तर शस्त्रक्रिया, अंथरूण, त्यात छातीचा संसर्ग असं एकामागोमाग एक लागू शकतं. कितीतरी माणसं त्यातून पूर्वीसारखी चालती होतच नाहीत.

प्लास्टर घातल्यावर आम्ही नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं, त्या ताकदीची गोळी लिहून देतील. त्यांनी गोळी लिहिली नाही. आधी यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मग खुर्ची आत्यांजवळ ओढली आणि विचारलं, "आजी, रात्री किती वेळा उठता?"

आत्या गप्प. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. खोकलं, हसलं, शिंक आली की लघवी होते. कधी न्हाणीपर्यंत पोचेपर्यंत धीर धरवत नाही. तीन वर्षं झाली. म्हणून दुपारी चारनंतर त्या पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. म्हणून देवळात जायचं बंद. म्हणून भाचीच्या लग्नाला "गुडघे दुखतात" म्हणून आल्या नाहीत. लुगड्याच्या आत जुन्या धडप्यांच्या घड्या ठेवायच्या आणि आम्ही कामावर गेलो की त्या धुऊन मागच्या दोरीवर वाळवायच्या. आम्ही यायच्या आत काढून ठेवायच्या.

तीन वर्षं! एका घरात, एका छपराखाली. आणि मला पत्ता नाही.

"मला का नाही सांगितलं आत्या?" मी रडकुंडीला आले होते.

"तू एवढं करतीस. त्यात आणि हे कुठं सांगू?"

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं माझं सगळं पुण्य उतरलं बघा.

"वयच झालं" हा आजार नव्हे

डॉक्टरीणबाईंनी मग एकेक धागा उलगडून दाखवला. तो मी तसाच तुम्हाला सांगते, कारण हे घरोघरी चाललेलं असतं आणि कुणी बोलत नाही.

बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, जुनी बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं उचललेली ओझी यांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. त्यातून ही तक्रार सुरू होते. पण मधुमेह, लघवीचा संसर्ग, अंग बाहेर येणं, काही औषधं हीसुद्धा कारणं असतात. म्हणून तपासणी हवी. कारण सापडलं तर उपाय आहेत. एक व्यायाम तर फुकटचा आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाचपर्यंत मोजायचं, मग सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करतानाच मात्र हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, तोवर नेट धरायचा.

पाणी तोडणं हा तर उलटा उपाय! पाणी कमी झालं की लघवी दाट होते, जळजळते, संसर्गाला वाव मिळतो, पोट साफ होत नाही, आणि भरलेल्या आतड्याचा दाब पुन्हा मूत्राशयावरच. शिवाय म्हातारपणी तहानही कमी लागते. अंगातलं पाणी कमी, आणि अंथरुणातून झटकन उठलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. बाईंनी आत्यांचा रक्तदाब झोपवून मोजला, मग उभं करून मोजला. वरचा आकडा १४० वरून ११० वर आला. "बघा, रात्री पडायचं कारण इथं आहे," त्या म्हणाल्या. आजवर प्रत्येक वेळी बसवूनच मोजला होता, त्यामुळं तो नेहमी 'ठीक' दिसायचा.

अजून एक निघालं. शेजारच्या आजींच्या झोपेच्या गोळ्या छान म्हणून आत्याही रात्री अर्धी घेत होत्या. झोपेच्या गोळीनं रात्री उठताना तोल जातो. बाईंनी ती हळूहळू बंद करायला लावली आणि रक्तदाबाचं औषधही बदललं.

म्हणजे बघा, पडणं एका क्षणाचं. पण त्याच्यामागं लाज, तहान, गोळी, काळोखी न्हाणी अशी तीन वर्षांची रांग उभी होती.

"दिवसभर काय करता?"

निघताना बाईंनी सहज विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

"काही नाही. बसते. सून काही करू देत नाही, चांगली आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. आत्यांना म्हणाल्या, "हात न टेकता या खुर्चीवरून उठून दाखवा बरं." आत्यांना एकदाही उठता आलं नाही. डावा हात टेकून तीनदा कसंबसं उठल्या आणि धापा टाकायला लागल्या. अर्ध्या मिनिटात, हात छातीशी घडी घालून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला साधारण दहा वेळा तरी उठबस जमावी. पायातली ताकद बघायची ही अगदी सोपी परीक्षा आहे.

वय वाढेल तसा स्नायू झिजतोच. पण वापर थांबला की तो फार झपाट्यानं झिजतो. म्हशीचं दूध काढणारे, पाटीभर शेण उचलणारे ते हातपाय मी नऊ वर्षांत सोफ्यावर बसवून संपवत आणले होते. प्रेमानं!

त्यात खाणं. कवळी ढिली झालेली, म्हणून दुपारी भाकरी कुस्करून आमटीत, रात्री दूधभात. उसळ नको, दाणे नकोत, "चावत नाही गं." म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच. तुम्हीच बेरीज करा. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.)

घरी आल्यावर लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आजीला कधी विचारलंस का, की तिला कसं जगायचंय?" तिच्या अभ्यासात एक प्रश्नावली होती म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात 'जीवनमान' मोजायला ती तयार केली. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांशी बोलून केली, त्यात आपली दिल्ली आणि चेन्नईची केंद्रंही होती. तिची छोटी आवृत्ती फक्त २६ प्रश्नांची. त्यात शरीर आहे, मन आहे, माणसांशी असलेली नाती आहेत आणि राहतं घर, पैसा, सुरक्षितता, फिरायची सोय हेही आहे. आणि मुख्य म्हणजे उत्तर त्या माणसानं स्वतः द्यायचं. सुनेनं नाही, मुलानं नाही, डॉक्टरनंही नाही!

त्या रात्री मी आत्यांजवळ बसले. विचारलं, "आत्या, दिवस कसा जातो तुमचा?"

"जातो गं. जायचाच असतो."

मग आईला फोन लावला. तिलाही तेच विचारलं. ती अर्धा तास बोलली! माकडांनी भुईमूग उपटला, शेजारणीनं बांध कोरला, कोंबडीनं अंडी कुठं घातली ते सापडेना, ग्रामपंचायतीचं पाणी दोन दिवस नाही. सगळ्या तक्रारीच. पण तक्रार करायला आधी दिवसात काहीतरी घडावं लागतं. आत्यांच्या दिवसात तक्रार करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

आईचंही झाकलेलं

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आई एकटी राहते तेच बरं की! मलाही त्या रात्री तसंच वाटलं. रविवारी एसटी पकडून वाडीला गेले. आईला खुर्चीवरून उठबस करायला लावलं, तर पठ्ठीनं हसत हसत बारा वेळा केली. मी खुशीत. मग देवळीतल्या डब्यात सुई-दोरा शोधायला हात घातला, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. दिवाळीत मी आणून दिलेल्या, निम्म्याही संपलेल्या नाहीत.

"रोज घेत नाहीस?"

"डोकं जड झालं की घेते. उगं रोज कशाला सवय?"

ही सवय नव्हे गं आई! वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही, डोकंही जड होत नाही, आणि एक दिवस थेट अर्धांगवायूच होतो. मी समजावत होते, तेवढ्यात शेजारचा पोरगा बोलून गेला, "आजी पावसात परसात पडलीवती, म्या उचलली." आईनं त्याच्याकडे डोळे वटारले. पण आता उशीर झाला होता. श्रावणात शेवाळावरून घसरून ती तासभर चिखलात पडून होती. हाक ऐकू जाईल असं जवळ कुणी नव्हतं. पोरगं शाळेतून आलं तेव्हा उठली.

"मला का नाही सांगितलंस?" मी पुन्हा तेच विचारलं. महिनाभरात दुसऱ्यांदा.

आई शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला उचलून कराडला नेलं असतंस. शेळ्या विकल्या असत्यास. आणि मग म्हणाली असतीस, आई, तू बस."

मी काय बोलणार? एकीनं लाजेपोटी लपवलं, दुसरीनं घर सुटेल या भीतीपोटी. दोघींनीही लपवलं ते माझ्यापासूनच. कारण माझ्या काळजीत त्यांचं म्हणणं विचारायची जागाच नव्हती.

मग काय काय बदललं?

मोठं काही केलं नाही. पैसाही फार लागला नाही. आत्यांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला. न्हाणीत दोन ठिकाणी भिंतीला पक्के दांडे बसवले. टॉवेल अडकवायचा दांडा नव्हे हं, तो ओढला की भिंतीतून निघतो! दारातलं पायपुसणं काढलं, घसरगुंडीच्या सपाता टाकून मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या. लोखंडी बादलीच्या जागी हलकी बादली, बसायला स्टूल. मेडिकलमधून पॅड आणले. पहिल्यांदा मागताना मीच आवाज बारीक केला, मग स्वतःचीच लाज वाटली. दंतवैद्याकडून कवळी नीट करून घेतली.

पाण्याची वेळ बदलली. दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक संपवायचं, झोपताना घोटभर. उठताना आधी कुशीवर, मग काठावर बसून मनात वीस आकडे, मग उभं राहायचं. रोज सकाळी ओट्याला धरून टाचा वर-खाली, खुर्चीवरून उठबस. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही असाच आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि तीन दिवस तरी ताकद आणि तोल सांभाळायचे व्यायाम, ज्याला जेवढं झेपेल तेवढं.

आणि प्लास्टर निघाल्यावर मी 'तुम्ही बसा' बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं. ओट्याशेजारी हात असलेली खुर्ची ठेवली. भाजी काय करायची हे आता आत्या ठरवतात. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं त्यांच्याकडे. आमटीला फोडणीही त्याच देतात. मीठ कधी जास्त पडतं, मोहरी उडते, गॅसची शेगडी लडबडते. माझ्या जिभेवर शब्द येतात, मी गिळते. एकदा नाही गिळले. "एवढं तिखट कोण खाणार?" बोलून गेले. आत्या दोन दिवस स्वयंपाकघरात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन म्हटलं, "आत्या, कालवण तुमच्या हातचं हवंय." शिकायचं वय माझंही आहे म्हणायचं!

पैशाचंही तसंच. त्यांचे बँकेतले पैसे हेच बघायचे, प्रामाणिकपणे. पण आत्यांच्या हातात रुपया नव्हता. नातीला खाऊला द्यायला त्या मुलाकडे मागायच्या. आता महिन्याला ठरावीक रक्कम त्यांच्या बटव्यात असते आणि हिशेब कुणी विचारत नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी काय घेतलं माहीत आहे? प्रीतिसंगमाच्या बागेत भेळ! शेजारच्या आजींना घेऊन रिक्षानं गेल्या. नदीकाठी बसल्या. पॅड होतं म्हणून गेल्या, हे मला कानात सांगितलं.

आईला मी उचलून आणलं नाही. तिच्याशी करार केला. गोळी रोज घ्यायची, आणि मी 'चल' म्हणायचं नाही. आठवड्याच्या वारांची डबी दिली. आशाताईंना विनंती केली, त्या अधूनमधून रक्तदाब बघतात. सकाळी सातला ती मला एक मिस्ड कॉल देते. आठपर्यंत आला नाही तर मी शेजारी फोन करते, त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. साधा बटणांचा फोन कमरेच्या पिशवीत, परसात जातानासुद्धा. शेवाळ खरवडून तिथं खडबडीत फरशी घातली.

आणि दर दोन महिन्यांनी ती स्वतः एसटीनं कराडला येते. पंचाहत्तर वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट झाला, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं. मी म्हटलं, मी येते न्यायला. तर म्हणते, "सरकारनं मला मोकळं सोडलंय, तू कशाला बांधतीस?" डॉक्टरांना दाखवते, आत्यांशी दुपारभर गप्पा मारते, आणि मुक्कामाला थांबत नाही. शेळ्या!

आपली पाळीही येणार

२०११ च्या जनगणनेतच आपल्या देशात साठीच्या वरचे लोक दहा कोटींच्या पुढे होते. आता ते कितीतरी वाढलेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांवर प्रौढ आणि ज्येष्ठांची मोठी पाहणी केली. त्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसलं. ते साहजिकच आहे. बायका जास्त जगतात, नवऱ्याहून वयानं लहान असतात, त्यामुळं शेवटची वर्षं एकटीनं काढायची वेळ बहुधा बाईवरच येते. आणि विधवा म्हणून देवाधर्मात, समारंभात मागं बसायची वेळही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकानं वाचलं. पण आपल्या घरातल्या हळदीकुंकवाला सासूबाई आतल्या खोलीत बसतात, तिकडे किती जणींचं लक्ष जातं?

माझं तरी गेलं नव्हतं. यंदाच्या संक्रांतीला आत्यांना मी बाहेर बसवलं. नाही, चुकलं. मी विचारलं, त्या हो म्हणाल्या. तिळाचे लाडू त्यांनीच वळले होते, मनगट अजून थोडं वाकडं आहे म्हणून लाडूही थोडे वाकडे. गल्लीतल्या दोन विधवा काकूंना मुद्दाम बोलावलं. आत्यांनी सगळ्यांना वाण दिलं. खुर्चीवरून त्या हात न टेकता उठतात आता, अर्ध्या मिनिटात आठ वेळा. दहा अजून व्हायचेत.

तेवढ्यात एक बाई सवयीनं म्हणाल्या, "आत्यांचं नशीब बाई!" आणि पुढं म्हणाल्या, "अहो आत्या, तुम्ही कशाला वाटताय? तुम्ही बसा."

आत्यांनी ताट माझ्या हातात न देता पुढं नेलं. म्हणाल्या, "बसले होते की नऊ वर्षं. आता तुम्ही बसा."

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवेलागणीला घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ पाच मिनिटं बसा. औषध घेतलं का, जेवलात का, हे रोजचं विचारू नका. "दिवस कसा गेला?" एवढंच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका.

चौकट: एवढं तरी पाहाच

* रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. उठताना चक्कर येत असेल तर हे हवंच.
* सहा महिन्यांतून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीनं दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. कोणती चालू ठेवायची, कोणती नको, ते त्यांना ठरवू द्या. मनानं बंद करू नका.
* गेल्या वर्षभरात एकदाही पडणं झालं असेल, तर लागलेलं नसलं तरी डॉक्टरांना सांगा.
* लघवी, शौच, अंग बाहेर येणं याबद्दल एकट्यात आणि हळुवार विचारा. मुलानं नव्हे, सुनेनं किंवा लेकीनं.
* डोळे आणि कान तपासा. ऐकू येईना झालं की माणूस बोलण्यातून बाहेर पडतं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाही धरला आहे.
* निव्वळ शाकाहारी ज्येष्ठांना मुंग्या येणं, थकवा, विसरभोळेपणा असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे विचारा.
* कालपर्यंत नीट असलेलं माणूस आज अचानक बरळायला लागलं, ओळखेनासं झालं, तर 'म्हातारचळ' म्हणून सोडू नका. संसर्ग, क्षारांचा बिघाड किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.
* ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांची सोय आहे. आधार कार्डावर वेगळं कार्ड काढावं लागतं. आजारपण येण्याआधीच काढून ठेवा.
* ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी: १४५६७. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.